डब्याचें झांकण

प्रत्येक घरांत असा एखादा आवाज असतो, कीं जो घरांतील सर्वांना ऐकूं येतो. परंतु ज्याचा उल्लेख कोणी कधीं करीत नाहीं. कोणाच्या घरीं तो आजोबांच्या रात्रींच्या पुटपुटण्याचा असेल, कोणाच्या घरीं एखाद्या दबलेल्या हुंदक्याचा असेल. आमच्या घरीं तो भडंगाच्या डब्याच्या झांकणाचा होता. रात्रीचे साडेअकरा झाले, दिवे मालवले गेले, रस्त्यावरील शेवटची रिक्षा कृष्णेच्या बाजूला निघून गेली, कीं स्वयंपाकघरांत ‘टक्’ असा एक बारीक आवाज होई. भडंग म्हणजे काय हें सांगलीकरांना सांगावयास नको. इतरांसाठीं एवढेंच सांगतों कीं, चुरमुरे, शेंगदाणे, लसूण आणि तिखट यांच्या या संयोगापुढें भल्याभल्यांचा निग्रह पांगळा होतो. तो आवाज करणारे आम्हीच होतों. आणि तो आमच्याशिवाय कोणालाही ऐकूं जात नाहीं, अशी अकरा वर्षें आमची प्रामाणिक समजूत होती.

दिवसा आम्ही मिताहारी म्हणून प्रसिद्ध होतों. सकाळीं आम्हांला भूक अशी नसेच. चहाच्या एका पेल्यावर आम्ही खुशाल बारा वाजवीत असूं. लग्नकार्यांत दुसरी जिलबी आम्हीं कधीं पानांत पडूं दिली नाहीं, आणि आमच्या या संयमाचा दाखला देऊन कित्येक आयांनीं आपल्या मुलांना पंक्तींत लाजविलें आहे. ‘एवढें कमी खाऊनही यांचें वजन वाढतें कसें?’ हा प्रश्न आमच्या आप्तांना पडे, आणि आश्चर्य असें कीं तो आम्हांलाही पडे! कारण रात्रीं उभ्याउभ्यानें, अंधारांत, ताटाशिवाय जें खाल्लें जातें, तें खाणें या सदरांत मोडतच नाहीं, असा आमच्या मनानें एक गुप्त कायदा करून ठेवला होता.

या संवयीचा उगम मात्र जिभेंत नव्हता. तेरा वर्षांपूर्वीं आमच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला व ते सात महिने अंथरुणाला खिळले. दिवसा आई आणि आमची पत्नी, रात्रीं आम्ही, अशी पाळी लागली. बाराच्या सुमारास वडिलांना कूस बदलून दिली, औषध पाजलें, म्हणजे त्यांना घटकाभर डोळा लागे. आई निजण्यापूर्वीं एका वाटींत दहीभात कालवून त्यावर ताटली झांकून ठेवीत असे. तो खातांना आम्हांला वाटे, दिवसभर आम्ही कचेरीचे होतों, दवाखान्याचे होतों, समाचाराला येणाऱ्यांचे होतों. हीं पंधरा मिनिटें तेवढीं आमचीं आहेत. वडील गेले. त्यानंतरही आई ती वाटी ठेवीतच राहिली, आणि आम्हीही ती रिकामी करीतच राहिलों. दोन वर्षांनीं आई गेली. वाटी गेली, दहीभात गेला. ती वेळ मात्र राहिली, आणि त्या वेळेनें भडंगाचा डबा शोधून काढला.

गेल्या वर्षीं, वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, आमचें रक्त तपासलें गेलें. तीन महिन्यांची सरासरी साखर ज्यांत कळते त्या तपासणीचा आंकडा ८.१ आला व वजनाचा कांटा ९१ किलोंवर जाऊन थांबला. वडिलांच्या झटक्यामागें वर्षानुवर्षांची हीच साखर होती. आमच्या हातांत तो कागद आला तेव्हां आम्हांला आंकडे दिसले नाहींत. उजव्या हातानें डावा हात उचलून छातीवर ठेवणारे वडील दिसले.

आमच्या डॉक्टरीणबाई वयानें आमच्या मुलीएवढ्या. पण बोलणें मोठें ठाम. त्यांनीं बारा आठवड्यांची योजना पुढें मांडली. दिवसाला चार पुड्या. प्रत्येक पुडी पाण्यांत घोळून प्यावयाची. चारींच्या मिळून सुमारें ८५० कॅलरी. त्यापलीकडे पाणी आणि बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा. जेवण म्हणून नाहींच. जेवणाऐवजीं पिण्याची ही कल्पना कांहीं कालची नव्हे. अमेरिकेंत १९५९ सालीं ‘मेट्रेकल’ या नांवाचें असेंच एक चूर्ण निघालें होतें, व दिवसाला ९०० कॅलरींवर राहण्याचा घाट त्याच्या जोरावर पुष्कळांनीं घातला होता. परंतु बाईंचा आधार याहून भक्कम होता. ब्रिटनमध्यें रॉय टेलर व मायकेल लीन या दोन प्राध्यापकांच्या नेतृत्वाखालीं ३०६ मधुमेही माणसांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. निम्म्यांना नेहमींचे उपचार. निम्म्यांना तीन ते पांच महिने असें पेय व नंतर हळूहळू अन्न. वर्षाअखेर पेयवाल्यांपैकीं ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधावांचून मागें हटलेला होता. दुसऱ्या गटांत हेंच प्रमाण अवघें ४ टक्के होतें. बाईंनीं आमच्या गोळ्या आपल्या देखरेखीखालीं थांबविल्या, रक्तदाबाची गोळी बदलली, आणि बजावलें, “काका, हें दुकानांतून आणून आपल्या मनानं करायचं काम नाही. दर आठवड्याला मला तोंड दाखवायचं.”

आम्हीं होकार दिला तो मोठ्या आवेशानें. पहिले चार दिवस पोटांत वणवा पेटला होता. पांचव्या दिवसापासून दिवसाची भूक आपसूक निवली. त्या पांढरट, गोडसर पेयाची चव कशी, असें कोणी विचारल्यास, ज्याची चव आठवत नाहीं असें तें एकच पेय आम्हीं आजवर घेतलें आहे, एवढेंच सांगतां येईल. दिवस सुरळीत जात. पण रात्र! सकाळीं आठ वाजतां आमचा निश्चय सह्याद्रीएवढा असे, दुपारीं चारला तो टेकडीएवढा होई, आणि रात्रीं अकराला त्याचें वारूळ उरे. त्या वारुळांत काय वळवळत असे हें वाचकांनींच ओळखावें.

हात डब्याकडे जाऊं नये म्हणून आम्हीं त्यांत पुस्तक धरलें. पुस्तक कोणतें म्हणाल, तर कमलाबाई ओगल्यांचें ‘रुचिरा’! १९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची आमच्या आईची प्रत फडताळांत होती. हळदीच्या बोटांनीं तिचीं पानें रंगलेलीं होतीं. एखाद्यानें रहस्यकथा वाचावी तसें आम्ही तें वाचीत असूं. आयुष्यांत कधीं कढई चुलीवर न ठेवलेले आम्ही, पाकाची तार एक असावी कीं दोन याविषयीं रात्रीं बारा वाजतां अंथरुणावर चिंतन करूं लागलों. आपणांस वेड तर लागत नाहीं ना, अशी शंका आली. तेव्हां एका जुन्या प्रयोगाच्या हकीकतीनें आमचें समाधान केलें. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ च्या नोव्हेंबरांत, अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञानें ३६ तरुणांवर उपासमारीचा प्रयोग आरंभिला. युद्धानें उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हां अन्नावर कसें आणावें, हें शिकणें हा त्याचा हेतु. सहा महिने त्या तरुणांना गरजेच्या सुमारें निम्मेंच अन्न मिळालें. हे चांगले धडधाकट, स्वेच्छेनें आलेले, तत्त्वासाठीं शस्त्र हातीं धरण्यास नकार दिलेले लोक. आणि त्यांच्यांतले कित्येक पाककृतींचीं पुस्तकें गोळा करूं लागले, ताटें चाटूं लागले, एका जेवणाला तासन् तास लावूं लागले. म्हणजे भुकेल्या माणसाचें मन अन्नाभोंवतीं फिरतें तें त्याच्या चारित्र्यांत उणीव आहे म्हणून नव्हे. हें वाचून आम्हांला हलकें वाटलें. पण डबा होता तेथेंच होता.

आमची चिकित्सा मग रात्रीकडे वळली. रात्रभर कांहीं न खातां सकाळीं उठावें, तर खरी भूक तेव्हां लागावयास हवी. ती रात्रींच कां लागते? याचेंही उत्तर शोधणाऱ्यांनीं शोधून ठेवलें आहे. २०१३ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं बारा निरोगी माणसांना मंद उजेडांत ठेवून त्यांचें खाणें व झोंपणें दिवसरात्रीपासून तोडून पाहिलें. तेव्हां असें दिसलें कीं, भूक शरीरांतील घड्याळाप्रमाणें आपोआप चढते व उतरते; सकाळीं आठच्या सुमारास ती सर्वांत कमी व रात्रीं आठच्या सुमारास सर्वांत अधिक असते, आणि ओढ असते ती गोड, खारट व पिठूळ पदार्थांची. भडंगाचें वर्णन याहून नेमकें कोण करील? शिवाय सकाळीं भूक नाहीं, रात्रीं खाणें फार आणि झोंप उडालेली, या तीन लक्षणांचा समुच्चय आल्बर्ट स्टंकार्ड या डॉक्टरानें १९५५ सालींच वर्णन करून ठेवला आहे. तो वाचतांना, आपलें छायाचित्र आपणांस न विचारतां छापलेलें पाहून माणूस जसा दचकतो, तसे आम्ही दचकलों.

शेजारीं एक जैन आजी राहतात. वय ऐंशीच्या पुढें. सूर्यास्तानंतर त्यांनीं गेल्या पन्नास वर्षांत अन्नाचा कण घेतलेला नाहीं. चौविहार असल्यामुळें पाणीही नाहीं. आम्हीं एकदां त्यांना विचारलें, “आजी, रात्रीं भूक लागत नाहीं का हो?” त्या हंसून म्हणाल्या, “लागत असंल बाबा. पण रात्र झाली की चूल नाही. मग भूक कुणाला विचारणार?”

त्या उत्तरावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. आजींना रोज रात्रीं निश्चय करावा लागत नाहीं, कारण त्यांच्यापुढें प्रश्नच नाहीं. आम्ही मात्र रोज रात्रीं साडेअकराला सगळा खटला नव्यानें उभा करीत होतों. आरोपी आम्हीच, वकील आम्हीच, न्यायाधीशही आम्हीच. अशा न्यायालयांत निकाल काय लागणार तें सांगावयास नको. आमच्याकडे उपासांची वाण नाहीं. पण ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हणही आमचीच आहे.

सहाव्या आठवड्यांत वडिलांची तिथि आली. घरांत खीर, वडे, आमसुलाची चटणी असा स्वयंपाक झाला. चार नातलग जेवले. आम्ही आमचा पेला घेऊन पंक्तीच्या टोंकाला बसलों. कोणीतरी हळूच म्हणालें, “आज तरी दोन घास घ्यायचे होते.” आम्हीं घेतले नाहींत. दिवसभर आम्ही धीरोदात्त नायकासारखे वावरलों. आणि रात्रीं साडेअकराला स्वयंपाकघरांत गेलों.

डब्याचें झांकण त्या रात्रीं निघेना. आम्हीं नखें लावलीं, कडेला बोट घालून जोर केला, आणि तें एकाएकीं सुटून फरशीवर असें कांहीं खणखणत फिरलें कीं, शेजारच्या आजीही जाग्या झाल्या असतील. तरीही आम्हीं पहिली मूठ तोंडांत घातली. मग दुसरी. मग मनानें सांगितलें, आतां व्रत मोडलेंच आहे. मोडलेल्या व्रताला आणखी कसला विटाळ? बुडत्याचा पाय खोलांत! वाटीभर गार खीर गेली, चार वडे गेले. पांचवा वडा हातांत असतांना दाराशीं सावली दिसली.

“लागलं का हाताला?” पत्नीनें विचारलें. आमच्या बोटाला झांकणाची कड लागून रक्त आलें होतें. तें आम्हांला ठाऊकही नव्हतें.

“तुला ऐकूं आलं?” आम्हीं विचारलें.

“अकरा वर्षं ऐकतेय.”

तिनें झांकण उचललें, धुतलें, पुसलें. मग पाठमोरीच म्हणाली, “रोज रात्री सैल लावून ठेवत होते. आवाज झाला की तुम्ही दचकता, तेवढ्यापुरता थांबता, मग घाईघाईनं खाता. ते बघवत नव्हतं. डॉक्टरांकडून आल्यापासून घट्ट लावते.”

“मग एकदां तरी बोलायचं होतंस.”

“काय बोलणार? आईंची वाटी मी बंद केली, असं वाटलं असतं तुम्हाला.”

यावर आम्हांला बोलतां आलें नाहीं. ज्या वेळेला आम्ही ‘आमची’ म्हणत होतों, तिच्यांत दुसरें एक माणूस अकरा वर्षें भिंतीपलीकडे जागें होतें. आमच्या अपराधाचा आवाज कमी व्हावा म्हणून झांकण सैल करीत होतें. पुढें ती आणखी एक वाक्य बोलली, आणि तें आम्हांला अधिक झोंबलें. “दिवसा तुम्ही माझ्यासमोर जेवता कुठं? ताट असतं समोर. तुम्ही नसता.” खरें होतें. आमच्या ताटाशेजारीं वर्तमानपत्र असे, तें नसलें तर मोबाइल असे, आणि दोन्हीं नसलीं तर उद्यांची चिंता असे. दिवसाचें जेवण आम्हीं कधीं जेवलेंच नव्हतें. म्हणून रात्र तें मागत होती. चूर्णाच्या पुडीनें अन्नाची जागा भरली होती. पण जेवण म्हणजे केवळ अन्न नव्हे, आणि तें दुसरें कांहीं पुडींत बांधतां येत नाहीं.

सकाळीं आम्हीं डॉक्टरीणबाईंना दूरध्वनि केला व आरोपीच्या सुरांत सर्व कबुली दिली. सोमवारपासून नव्यानें आरंभ करतों, असेंही सांगितलें. त्यांनीं विचारलें, “पुढची पुडी कितीला आहे?”

“आठला.”

“मग ती आठला घ्या. सोमवार कशाला?”

आमच्या सबंध वाटचालींत याहून मोठा उपदेश आम्हांला कोणीं केला नाहीं. आजवर आमचा प्रत्येक संकल्प पडला तो पहिल्या घासानें नव्हे. पहिल्या घासानंतर सोमवारपर्यंत जी मोकळीक आम्ही स्वतःला देत असूं, तिनें पडला. निश्चय अखंड राहिला पाहिजे, हा एक अहंकारच आहे. कांचेच्या भांड्याला तडा गेला कीं तें फेंकून देतात. पितळी भांड्याला पोचा पडला तर तें ठोकून पुन्हां वापरतात. आमचा निश्चय आजवर कांचेचा होता.

त्या दिवसापासून आम्हीं निश्चयावर विसंबणें सोडलें आणि व्यवस्था केली. बाईंच्या संमतीनें चौथी पुडी रात्रीं साडेनऊवर नेली. दहा वाजतां स्वयंपाकघराचा दिवा मालवावयाचा व दार ओढून घ्यावयाचें. आजींच्या भाषेंत, चूल नाहीं. पण नुसती चूल बंद करून भागलें नसतें, कारण ती रिकामी वेळ दार ठोठावीत आलीच असती. म्हणून दहा ते साडेदहा आम्ही दोघें गॅलरींत बसूं लागलों. हातांत कांहीं नाहीं, समोर कांहीं नाहीं. पहिले दोन दिवस बोलावयास विषयही सांपडेना. तीस वर्षांच्या संसारांत आम्ही सगळें बोलून टाकलें असेल, अशी आमची समजूत होती. तिसऱ्या दिवशीं तिनें वडिलांच्या आजारांतली एक गोष्ट सांगितली. दुपारीं वडील तिच्याकडून अडखळत्या शब्दांत भडंग मागत, आणि डॉक्टरांनीं मना केलें असल्यामुळें ती देत नसे. शेवटच्या आठवड्यांत तिनें चार चुरमुरे भिजवून त्यांच्या जिभेवर ठेवले होते. हें तिनें कोणालाही सांगितलें नव्हतें. त्या रात्रीं साडेअकरा केव्हां वाजले तें आम्हांला समजलें नाहीं.

यापुढें आम्ही कधीं घसरलोंच नाहीं असें म्हणूं तर तें असत्य होईल. उरलेल्या सहा आठवड्यांत दोनदां घसरलों. दोन्हीं वेळां वहींत तारीख घालून लिहून ठेवलें आणि पुढची पुडी वेळेवर घेतली. बारा आठवडे संपले तेव्हां वजन ७८ किलो होतें व साखरेचा आंकडा ६.३. आम्ही पेढे वांटावयास निघालों होतों. बाईंनीं हातानेंच थांबविलें. त्यांनीं त्याच ब्रिटिश प्रयोगाचा पुढचा भाग सांगितला. दोन वर्षांनीं पाहिलें तेव्हां ४६ चे ३६ टक्के झाले होते. वजन जसजसें परत येतें तसतसा मधुमेहही परत येतो. “पुड्या घेणं सोपं होतं, काका. अवघड आतां सुरू होतंय,” त्या म्हणाल्या.

आमच्या पूर्वजांना हें ठाऊक असावें. त्यांनीं उपासाला तिथि दिली तशी पारण्यालाही दिली. उपास सुटतो कसा, कोणाबरोबर, कोणत्या अन्नानें, याला त्यांनीं उपासाइतकेंच महत्त्व दिलें. आमचें पारणें सहा आठवडे चाललें. एकेक पुडी कमी करून एकेक जेवण परत आलें. पहिलें जेवण संध्याकाळीं साडेसातला होतें: अर्धी ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, वाटीभर ताक. वर्तमानपत्र नव्हतें. समोर पत्नीचें ताट होतें. भाकरीचा पहिला तुकडा मोडतांना हात थरथरला, आणि ती हळूच म्हणाली, “सावकाश. कुठं जायचंय?”

आज त्या गोष्टीला आठ महिने होत आले. कांटा अडीच किलो वर सरकला आहे. वहीही चालू आहे. भडंगाचा डबा फळीवर पूर्वींच्याच जागीं आहे. तो घराबाहेर घालवावा असें मुलीनें सुचविलें होतें. पण ज्या घरांत चार माणसें राहतात तेथें एकाच्या दुबळेपणाची शिक्षा सर्वांना कां?

परवां रात्रीं आम्ही अंथरुणावर पडलों असतां स्वयंपाकघरांत ‘टक्’ असा आवाज झाला. शेजारचें अंथरूण रिकामें होतें. क्षणभर वाटलें, कूस बदलून झोंपेचें सोंग घ्यावें. अकरा वर्षें तिनें तेंच केलें होतें, आणि तेवढें तरी ऋण फिटेल. पण आम्ही उठलों, स्वयंपाकघरांत गेलों, दिवा लावला आणि तिच्या समोर जाऊन बसलों. ती ओशाळून हंसली. मग तिनें मूठभर भडंग ताटलींत काढून घेतलें, डबा आमच्यापासून हातभर दूर सरकविला, आणि तिला झोंप कां येत नव्हती तें सांगूं लागली.